जँगो अ‍ॅडमिनचा बेस टेम्प्लेट: पूर्ण प्रत की निवडक ब्लॉक?

जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कच्या अ‍ॅडमिनचे, म्हणजे तयार व्यवस्थापन-पानांचे, रूप बदलताना बेस टेम्प्लेटची (त्या पानांच्या सामाईक एचटीएमएल साच्याची) पूर्ण प्रत आपल्या प्रकल्पात घ्यावी, की त्याला एक्सटेंड करून, म्हणजे त्यावर आधारलेला छोटा साचा लिहून, हवे तेवढेच ब्लॉक (साच्यातले नाव दिलेले, बदलता येणारे भाग) बदलावेत, असा पेच एका सहकाऱ्यापुढे पडला आहे.

सुरुवातीच्या श्रमांत फारसा फरक नाही. सगळे एचटीएमएल डोळ्यांसमोर असल्याने प्रत घेणे उलट सोपेच वाटते. खरी कसोटी आवृत्ती बदलताना लागते. जँगो ५.० पासून लॉगआउटची विनंती पोस्ट पद्धतीनेच (साध्या लिंकने नव्हे, फॉर्म पाठवून) करावी लागते, त्यामुळे मूळ टेम्प्लेटमध्ये आता तिथे फॉर्म आहे. जुन्या प्रतीतली साधी लिंक मात्र दाबताच ४०५ त्रुटी (ही पद्धत इथे चालत नाही) देते. प्रत घेणाऱ्याला प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर दोन्ही फाइली ओळीओळीने ताडून पाहाव्या लागतात, आणि हे काम हमखास राहून जाते.

ब्लॉकच्या मार्गाने ब्रँडिंग, एक्स्ट्रास्टाइल (जादा सीएसएस) किंवा फूटर काही ओळींत बदलतात व बाकीचे सुधारणांसह आपोआप येते. मात्र ब्लॉकमधला मूळ मजकूर राखणारे ब्लॉक डॉट सुपर लिहायचे विसरल्यास तो मजकूर नाहीसा होतो, आणि जिथे ब्लॉकच नाही तिथे हात घालता येत नाही.

नाव, रंग, बोधचिन्ह एवढेच बदलायचे असेल तर ब्लॉकच घ्यावेत. पानाची मांडणीच नव्याने रचायची असेल आणि ती सांभाळणारे कोणी कायम असेल, तरच पूर्ण प्रत घ्यावी.