झेब्रा हॉवर्थिया: दहा महिने, एक नागपुरी उन्हाळा आणि एक पावसाळा

जानेवारीत धरमपेठेतून घरी येताना एका नर्सरीतून हे झाड उचललं. मुठीएवढं, गडद हिरवी टोकदार पानं, त्यांवर आडवे पांढरे पट्टे. चिनीमातीच्या गोंडस कपात बसवलेलं आणि वर गोंदानं चिकटवलेले पांढरे खडे. 180 रुपये. आता नोव्हेंबर उजाडलाय. झाडाला पाचपैकी साडेचार देतो, कपाला शून्य.

पट्टे म्हणजे नुसता रंग नव्हे, बारीक उंचवटे असतात, नखानं लागतात. याच्या दोन सारख्या दिसणाऱ्या जाती आहेत, फॅसिआटा आणि अटेन्युआटा, आणि नर्सरीवाले बहुतेक वेळा अटेन्युआटालाच फॅसिआटा म्हणून विकतात. ओळखायची खूण सोपी आहे: फॅसिआटाच्या पानाची आतली बाजू गुळगुळीत असते, अटेन्युआटाला आतूनही पुळ्या असतात. माझं अटेन्युआटा निघालं. 2013 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी या गटाला हॉवर्थिऑप्सिस असं वेगळं नाव दिलं, पण दुकानात ते कोणी विचारत नाही. मूळ गाव दक्षिण आफ्रिकेचा ईस्टर्न केप. तिथं ही मंडळी झुडपांच्या आडोशाला वाढतात. हा आडोसा लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.

वाळवंटी झाड म्हणून मार्चअखेर त्याला पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलं. तिसरा मजला, समोर एकही झाड नाही. आठवड्यात पानं विटेसारखी लाल. मेलं असंच वाटलं होतं. हॉलच्या पूर्वेच्या खिडकीत आणलं, तर महिनाभरात पुन्हा हिरवं झालं. तेव्हापासून जागा तीच: सकाळचं कोवळं ऊन, नंतर नुसता उजेड.

सोबत आणलेली एचेव्हेरिया मात्र एप्रिलही बघू शकली नाही. गुलाबासारखी दिसते, फोटोत फार छान येते, पण आपल्या गावात तिच्या नादी लागू नका. जेडचं झाड अजून टिकून आहे.

खरा घोळ पाण्याचा. लेबलावर 'आठवड्यातून एकदा' लिहिलं होतं, आणि मे महिन्यात आईला ते फारच कंजूष वाटायला लागलं. "काहून रे, त्या लेकराले तहानलेलं ठेवतं का?" बाहेर 45, मग झाडाला पाणी जास्तच लागणार, हे कोणालाही पटेल. मलाही पटलं होतं. पण ही झाडं दिवसा तोंड मिटून बसतात. पानांवरची रंध्रं रात्री उघडतात, तेव्हा कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेडात त्याची साखर करतात. दुपारच्या झळांत पाणी उडू नये म्हणून ही युक्ती. तिला रात्र गार लागते. मेअखेरच्या नवतप्यात आपल्याकडे रात्री बारालासुद्धा भिंती भाजत असतात. अशा दिवसांत झाड जवळजवळ काम थांबवतं, पाणीही फारसं ओढत नाही. आपण मात्र ओतत राहतो.

त्यात आमचा कूलर. खिडकी तीच, त्यामुळे दोन महिने झाडाला कूलरची ओली हवा. कपाला खाली छिद्र नाही, आत नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वर खड्यांचं झाकण. आत ओल आहे की नाही ते दिसायचंच नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि जुलैत खालची पानं काचेसारखी पारदर्शक, मऊ पडली. बोट लावलं तर हातात आली.

खडे चमच्यानं उखडून झाड बाहेर काढलं. मुळांचा काळा चिखल, वास नाल्यासारखा. आई म्हणाली फेकून दे. मी सडलेलं सगळं ब्लेडनं कापलं, पांढरा टणक भाग दिसेपर्यंत, आणि पाच दिवस पेपरवर उघडं ठेवलं. जखम सुकल्याशिवाय मातीत घालायचं नाही, एवढं वाचलेलं होतं. मग साधी मातीची कुंडी, चार इंची, खाली छिद्र. शेजारच्या बांधकामावरून कन्हानची रेती मागून आणली, चाळून वरची जाडी तेवढी घेतली. दोन भाग रेती, एक भाग विटेचा चुरा, एक भाग शेणखत. काळी माती चिमूटभरही नाही. ती कपाशीला ठीक आहे, पाणी धरून बसते.

पंधरा दिवस एक थेंब दिला नाही. महिन्याभरानं हलवून बघितलं तर झाड घट्ट बसलेलं होतं.

आता पाणी द्यायची वेळ अगरबत्तीची जळून उरलेली काडी ठरवते. तळापर्यंत खुपसायची, कोरडी आली तरच पाणी, आणि मग खालून वाहीपर्यंत. पावसाळ्यात यामुळे तीन आठवड्यांचं अंतर पडलं, सध्या बारा-तेरा दिवसांचं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, कुंडीच्या काठावर पांढरे क्षार धरतात, म्हणून पावसाचं पाणी बाटल्यांत भरून ठेवलंय. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी कोणी झाडांना घालत असेल तर इथं तरी घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

सप्टेंबरात पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले. पिठ्या ढेकूण. पट्ट्यांमुळे आधी लक्षातच आलं नाही, या झाडाची एवढी एक खोड. कानातल्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपले, आठवड्यानं पुन्हा टिपले, गेले. अर्धा गुण मी इथंच कापलाय.

वाढ मुंगीच्या पावलानं आहे. दहा महिन्यांत नवीन पानं मोजून सात. ज्यांना महिन्याला बदल बघायचा असतो त्यांनी मनीप्लँट घ्यावा. पण बुडाशी तीन पिल्लं फुटली आहेत. दोघांना स्वतःची मुळं आलीत, ती डिसेंबरात वेगळी करीन. एक शेजारच्या काकूंसाठी ठरलंय. दुसरं आईनं मागितलं, आणि तिला ते त्याच चिनीमातीच्या कपात लावायचंय. कप ड्रिलवाल्याकडे देऊन आलोय. छिद्र पाडताना फुटला तर जबाबदारी आपली नाही, असं त्यानं आधीच सांगून ठेवलंय.