वर्डल, चकतीवाले गेम की फ्रीराइस? पोरांना नक्की काय द्यायचं

सुट्टी लागली की पालकांचा ठरलेला प्रश्न, मॅडम फोन तर तो सोडत नाही, मग इंग्रजी शब्द वाढतील असा एखादा गेम तरी सांगा. मी आठवी-नववीच्या मराठी माध्यमाच्या मुलांचा क्लास घेते, त्यामुळे जे सांगतेय ते त्यांच्यापुरतं, इंग्लिश मिडीयमवाल्यांचं गणित वेगळं.

वर्डल बहुतेकांना माहितीय. पाच अक्षरी शब्द, सहा चान्स, अक्षर बरोबर जागी असलं की हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली की पिवळं. दिवसाला एकच शब्द, म्हणजे दहा मिनिटांत फोन परत हातात, आया खूश. स्पेलिंगसाठी एकदम भारी, क्यू नंतर यू येणार, एकच अक्षर दोनदा येऊ शकतं हे पोरं न शिकवता ताडायला लागतात. पण शब्द किती वाढले? महिन्याला तीस, त्यातले बरेच आधीच येणारे. आणि ज्याच्याकडे पाच अक्षरी शब्दांचा साठाच नाही तो तिसऱ्या चान्सला डोकं खाजवत बसतो.

दुसरे ते चकतीवर बोट फिरवून अक्षरं जोडायचे, वर्डस्केप्स वगैरे. सोपे आहेत, नेट नसलं तरी चालतात, म्हणून पोरांचे सगळ्यात लाडके. नेट चालू असलं की जाहिराती येतात ते वेगळंच. खरी भानगड अशी की अर्थ न कळताही लेव्हल पार होते. माझ्यासमोर एकीने टी, ए, आर, ई असं बोट फिरवलं, शब्द लागला, ही पुढे. म्हटलं थांब, काय लिहिलंस? म्हणे "टारे", अर्थ माहीत नाही. भांड्याचं वजन वजा करणं म्हणून सांगितलं तर ओरडलीच, "अहो मॅडम, हे तर पप्पांच्या काट्यावरचं बटण!" किराणा दुकान आहे त्यांचं, रोज दाबते ते बटण. तो शब्द आता ती मरेपर्यंत विसरणार नाही, पण शिकवला काट्याने, गेमने नाही :)

फ्रीराइस या वेबसाइटवर मात्र अर्थच विचारतात. एक शब्द, खाली चार पर्याय, बरोबर उत्तर दिलं की संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला तांदळाच्या दाण्यांच्या हिशोबाने पैसे जातात (प्रायोजकांचे, आपले नाही). २००७ पासून चालू आहे, फुकट आहे, चुकलेला शब्द पुन्हा फिरून येतो आणि मला विचाराल तर पाठ होण्याचं खरं कारण तेच. अडचण एकच, पर्यायही इंग्रजीतच, त्यामुळे कच्च्या मुलाला प्रश्नही कळत नाही आणि उत्तरही, मग तो अंदाजपंचे टिचक्या मारतो.

तर स्पेलिंगची बोंब असेल तर वर्डल द्या. वाचता येतं पण अर्थाला अडतो, त्याला फ्रीराइस, आणि ते नववीच्या आधी नकोच. बाकीच्यांना चकतीवाला चालेल, पण शेजारी वही हवी, रोज न कळलेले तीन शब्द मराठी अर्थासकट लिहायचे आणि वही दाखवल्याशिवाय दुसऱ्या दिवशी फोन मिळणार नाही. माझ्या क्लासमध्ये वही ठेवणारे निम्मेसुद्धा नाहीत, तेही सांगून ठेवते.