कमी चरबीचा खिमा: मटणाचा घ्यावा की चिकनचा?

डॉक्टरांनी तेल-तूप कमी करायला सांगितलं की नाशकातल्या बऱ्याच घरांत पहिली गदा येते मटण खिम्यावर. मला हे पटत नाही. बोकडाचं मटण मुळातच कमी चरबीचं. वरची चरबी काढलेल्या 100 ग्रॅम कच्च्या मटणात चरबी साधारण 2 ते 3 ग्रॅम असते, आणि कातडी काढलेल्या चिकन ब्रेस्टमध्येही जवळपास तेवढीच. खरा फरक पडतो तो खिमा कुठल्या भागाचा आहे आणि त्यात काय काय गेलंय यानं.

मटणाचा घेणार असाल तर मांडीचा तुकडा मागा. सीन्याचं, म्हणजे छातीचं, मांस रश्श्याला छान, पण चरबी तिथेच जास्त. भद्रकालीत घ्या की नाशिकरोडला, आधीच करून ठेवलेला खिमा घेऊ नका. एकदा बारीक झाला की त्यात चरबी किती आणि पडदे किती, हे नुसतं बघून कळत नाही. अख्खा तुकडा बघा, पांढरी चरबी आणि पडदा काढायला सांगा आणि समोर खिमा करून घ्या. हाडं वगळल्यामुळे किलोचा भाव चढा लागतो, तो द्यावा. रविवारी सकाळी गर्दीत दुकानदाराला एवढा वेळ नसतो, म्हणून शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी जा.

चिकनच्या खिम्यात कातडी गेली की हलकेपणा संपला, तेव्हा ती काढायला आवर्जून सांगा. नुसत्या ब्रेस्टचा खिमा मात्र कोरडा, भुसभुशीत होतो. मी त्यात थोडं मांडीचं बोनलेस घालायला सांगते. चरबी किंचित वाढते, पण घास घशाखाली उतरतो.

शिजवताना दोघांची तऱ्हा वेगळी. मटणाला वेळ हवा: पसरट कढईत मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परता, मग झाकण ठेवून मंद आचेवर 35-40 मिनिटं. कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या. स्वतःची फारशी चरबी नसल्यानं कांदा सढळ हातानं घाला, त्याच्याच रसात खिमा मऊ होतो. काळा मसाला इथे शोभतो. चिकनवर तो कुरघोडी करतो. चिकनला कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, वरून लिंबू. चिकन 12-15 मिनिटांत होतं, त्यापुढे चिवट होत जातं.

ऑफिसहून दमून आल्यावर करायचा तर चिकनचाच. घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर मात्र मी मटणच घेईन; त्यात लोह बरंच जास्त असतं आणि ते अंगीही चांगलं लागतं.

कुठलाही आणा, खिमा धुऊ नका. धुतलेला खिमा पाणी धरून ठेवतो आणि परतायच्या ऐवजी उकडतो. बारीक करताना वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून गुलाबी भाग उरू न देता पूर्ण शिजवा. कच्चा खिमा फ्रिजमध्ये फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा, त्याहून उशीर होणार असेल तर आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये टाका.