मिरजेचा तानपुरा: रियाजासाठी घ्यावा का?

मेहनत इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावरही होते. पलटे, म्हणजे स्वरांच्या ठरावीक रचना घोटायला, सूर पक्का करायला तो पुरेसा आहे. पण गाताना काही नवं सुचावं असं वाटत असेल, तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला हातघडणीचा तानपुराच घ्या. कारण सगळं खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेत आहे.

काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून गाणाऱ्या पुरुषाचा खर्ज साधारण 69 हर्ट्झवर बोलतो. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या छोट्या स्पीकरला एवढा खालचा नाद पेलत नाही. चांगल्या जवारीच्या (तार घोडीला, म्हणजे तारांखालच्या पट्टीला, हलकी घासून येणाऱ्या झंकाराच्या) तानपुऱ्यात मात्र त्याच तारेतून त्याच्या पाचपटीचा, म्हणजे 346 हर्ट्झच्या आसपासचा स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा गंधार स्वच्छ ऐकू येतो. हार्मोनियमचा तोच गंधार 349 च्या घरात, म्हणजे किंचित चढा असतो. हा फरक रोज कानावर पडला की यमन रागाच्या गंधारावर थांबावंसं वाटतं, आणि थांबल्यावर पुढची जागा सुचते. उपज म्हणतात ती बऱ्याचदा अशी ऐकण्यातून येते.

तानपुरा निवडताना फक्त खर्ज छेडा आणि डोळे मिटून ऐका. आघातानंतर नाद फुलत जाऊन गंधार उमटला पाहिजे. मग चारही तारा एकेक करून ऐका. एकीची जवारी उघडी (झंकारणारी) आणि दुसरीची बंद (दबलेली) असेल, तर घोडी नीट घासलेली नाही. वरच्या टोकाकडून दांडीवर नजर टाकून ती सरळ आहे का पाहा. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात त्या गळ्यापाशी बारीक चीर असेल, तर वाद्य सोडून द्या, नक्षी कितीही सुंदर असो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. तरी प्रत्येक नग वेगळा असतो, त्यामुळे न ऐकता मागवू नका.

जुळवताना आधी जोडाचे, म्हणजे मधल्या दोन तारांचे षड्ज, मग खर्ज, शेवटी पहिली तार. ही तार यमनला पंचमात, मालकंसला मध्यमात, मारव्याला निषादात. खुंटीने जवळ आणायचं आणि तारेत ओवलेल्या मण्याने बारीक करायचं. खुंटी सरकत असेल तर थोडा खडू लावा. त्यानंतर घोडीवर तारेखालचा सुती दोरा केसभर पुढे-मागे करा. योग्य जागी आला की तार एकदम बोलू लागते, जरा चुकला की ठक्क वाजते. इथेच बहुतेक नवे लोक कंटाळतात. पण या दहा-पंधरा मिनिटांत कान जागा होतो, म्हणून ती वाया गेली असं समजू नका.

छेडताना पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने. लय एकसारखी ठेवा, पण तबल्याच्या मात्रेला बांधू नका.

रियाजाची वाटणी अशी ठेवा: 20 मिनिटं नुसता खर्ज (खालच्या सप्तकातलं गाणं) आणि लांब स्वर, अर्धा तास पलटे आणि ताना, शेवटी 15 मिनिटं एकाच रागात तबल्याशिवाय मोकळी बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार. शेवटचा भाग बहुतेक जण वगळतात आणि मग मैफलीत पाठ केलेल्या तानाच बाहेर पडतात. उलट नुसती बढतच केली, तर सुचलेली जागा गळ्यातून निघत नाही.

उणिवाही आहेत. पावसाळ्यात दमट हवेने सूर दिवसातून दोनदा उतरतो, तारांना गंज चढतो. रोजच्या वापरात तारांमुळे घोडीवर चरे पडतात, मग जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. हे काम कारागिराकडूनच करून घ्या, घरी कानस लावली तर घोडी वाया जाईल. प्रवासात कडक पेटीशिवाय भोपळा फुटण्याची भीती असतेच. ज्यांचे कार्यक्रम सतत बाहेरगावी असतात, त्यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा सोबत ठेवावा आणि हा घरीच, उन्हापासून लांब, गवसणीत ठेवावा.