मूत्राशयाचा कर्करोग: लघवीतील प्रथिनांची चाचणी की सायटॉलॉजी?

लघवीतून रक्त गेल्यावर, किंवा मूत्राशयातली गाठ काढल्यानंतरच्या देखरेखीच्या काळात, सिस्टोस्कोपीच्या जोडीला लघवीची कोणती तपासणी करून घ्यावी, हे ठरवावे लागते. सिस्टोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीला, या दोन्हींपैकी एकही चाचणी पर्याय ठरत नाही. निवड करायची ती पूरक चाचणीची.

सायटॉलॉजीत लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रात्रभर मूत्राशयात साचलेल्या लघवीत पेशी खराब होतात, म्हणून सकाळची पहिली लघवी या चाचणीला चालत नाही. सायटॉलॉजीत कर्करोगाच्या पेशी दिसल्या, तर निदान बहुधा खरे निघते. उच्च श्रेणीच्या, म्हणजे आक्रमक गाठी ती बऱ्यापैकी पकडते. कमी श्रेणीच्या गाठींच्या पेशी मात्र निरोगी पेशींसारख्याच दिसत असल्याने त्या सहज निसटतात.

एनएमपी२२ हे पेशीच्या केंद्रकातले प्रथिन असून पेशी मरताना ते लघवीत उतरते. त्याच्या झटपट चाचणीत पट्टीवर लघवीचे चार थेंब टाकून 30 ते 50 मिनिटांत निकाल वाचता येतो आणि त्यासाठी पॅथॉलॉजिस्टची गरज पडत नाही. पण पेशी काही केवळ कर्करोगातच मरत नाहीत. मूतखडा, जंतुसंसर्ग किंवा नुकतीच झालेली दुर्बिणीची तपासणी यांमुळेही ही चाचणी पॉझिटिव्ह येते. बीटीए नावाची दुसरी चाचणी जे प्रथिन शोधते, त्याच्याशी साम्य असलेले प्रथिन रक्तातच असते. त्यामुळे लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णात तिच्यावर भिस्त ठेवणे मला पटत नाही.

2005 साली प्रसिद्ध झालेल्या, कर्करोगाचा धोका किंवा लक्षणे असलेल्या 1331 जणांच्या अभ्यासात 79 जणांना मूत्राशयाचा कर्करोग आढळला. एनएमपी२२ने त्यांपैकी 44 जण, म्हणजे 55.7 टक्के ओळखले. सायटॉलॉजीने केवळ 15.8 टक्के. मात्र कर्करोग नसलेल्यांना योग्य रीतीने वगळण्याचे प्रमाण सायटॉलॉजीत 99.2 टक्के होते आणि एनएमपी२२मध्ये 85.7 टक्के. हिशेब मांडला तर एनएमपी२२ पॉझिटिव्ह आलेल्या पाच जणांत जेमतेम एकाला कर्करोग होता, आणि 35 रुग्णांना तर ‘निगेटिव्ह’ असा खोटा दिलासा मिळाला असता.

तरीही याच अभ्यासात पहिल्या सिस्टोस्कोपीत न दिसलेले चार कर्करोग एनएमपी२२ने दाखवले आणि त्यांपैकी तीन स्नायूंपर्यंत पोचलेले होते, ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

म्हणून आधी उच्च श्रेणीची गाठ होऊन गेली असेल, तर मी सायटॉलॉजीला पसंती देईन. लघवीत संसर्ग किंवा खडा नसेल आणि निकाल लगेच हवा असेल, तर एनएमपी२२ जोडावी. संसर्ग असल्यास आधी त्यावर उपचार करावेत. निगेटिव्ह निकाल हाती आला म्हणून ठरलेली सिस्टोस्कोपी पुढे ढकलू नये.