हायपोअल्जेसिया की ॲनाल्जेसिया?

दोन्ही शब्द वेदनेच्या उणिवेचे, पण फरक मोठा. ॲनाल्जेसियात वेदना जाणवतच नाही. औषधाने ही अवस्था मुद्दाम आणतात. काही मुलं मात्र जन्मतःच अशी असतात. त्यामागे एससीएन९ए या जनुकातला बिघाड असू शकतो, हे २००६ मध्ये कळलं. ही मुलं स्वतःची जीभ चावतात, हाड मोडलं तरी रडत नाहीत. (स्पर्श मात्र त्यांना कळतो.)

हायपोअल्जेसियात वेदना असते, पण बोथट. जुन्या मधुमेहात तळपायाला टाचणी टोचली तरी नुसतं काहीतरी लागल्यासारखं वाटतं. मला हीच अवस्था जास्त फसवी वाटते. थोडं तरी दुखतंय म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि चपलेतल्या खड्याने झालेली जखम आतल्या आत चिघळते. घरात कुणाला मधुमेह असेल तर रोज रात्री त्यांचे तळपाय उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांसकट.