गंगटोकची इतिहासफेरी: एक सकाळ काढाच

गंगटोकच्या सहलीत बहुतेकांचा वेळ एम. जी. मार्गावरची खरेदी, छांगू तलाव आणि नथू ला यांत जातो. त्यातली एक सकाळ राखून ही पायी फेरी जरूर करा. साठीच्या आसपासचे एक स्थानिक गाईड ती घेतात. हॉटेलवाल्यांनी त्यांची गाठ घालून दिली. पैसे आधी ठरले होते तेवढेच घेतले, आणि हिंदी इतकी स्वच्छ की माझ्या सासूबाईंनाही सगळं समजलं.

सुरुवात रिजवरच्या व्हाइट हॉलपासून होते. पहिले ब्रिटिश पॉलिटिकल ऑफिसर क्लॉड व्हाइट यांचं नाव या इमारतीला आहे. रिजच्या दुसऱ्या टोकाला चोग्यालांचा, म्हणजे सिक्कीमच्या राजांचा राजवाडा. तो पर्यटकांना आतून बघता येत नाही, त्यामुळे काही मंडळी हिरमुसतात. पण या फेरीचा खरा ऐवज फाटकाबाहेरच मिळतो.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. छत्तिसावी घटनादुरुस्ती, १६ मे १९७५, सिक्कीम बाविसावं राज्य, एवढं सांगून आम्ही पुढच्या धड्याकडे वळायचो. इथे गाईडनी त्याच्या महिनाभर आधीचा, एप्रिलमधला आठवडा दिवसवार सांगितला. ९ एप्रिलला भारतीय सैन्याने राजवाडा ताब्यात घेऊन सिक्कीम गार्ड्सची, म्हणजे राजाच्या रक्षकदलाची शस्त्रं काढून घेतली. फाटकावर पहाऱ्याला असलेले बसंतकुमार छेत्री गोळी लागून गेले. १० तारखेला विधानसभेने राजेपद रद्द करून भारतात सामील होण्याचा ठराव केला आणि १४ ला सार्वमत झालं: बाजूने ५९,६३७, विरोधात १,४९६. राजेपद रद्द व्हावं का आणि सिक्कीम भारताचा घटक व्हावा का, या दोन्हींसाठी मत एकच द्यायचं होतं. राजा नको पण वेगळेपण हवं, असं ज्याला वाटत होतं त्याने काय करायचं? हा प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला आणि उत्तराची घाई केली नाही. मला तो फार मोलाचा वाटला.

ते एकतर्फी बोलत नाहीत, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो. त्यांचे वडील नेपाळीभाषक शेतकरी. लोकसंख्येत नेपाळी सुमारे तीन चतुर्थांश, पण जुन्या व्यवस्थेत निवडून द्यायच्या जागा भुतिया-लेपचा या तिथल्या जुन्या जमाती आणि नेपाळी यांच्यात निम्म्यानिम्म्या. "बाबांचं राजाशी भांडण नव्हतं, त्यांना आपल्या मताला वजन हवं होतं," ते म्हणाले. एप्रिल १९७४ च्या निवडणुकीत राजेशाहीविरोधी नेते काझी ल्हेंडुप दोर्जी यांच्या पक्षाला ३२ पैकी ३१ जागा का मिळाल्या, हे मला या एका वाक्याने कळलं. आणि त्याच वडिलांना छेत्रींच्या मृत्यूचं दुःख शेवटपर्यंत होतं, हेही त्यांनी सांगितलं.

उणीव एकच, पण महत्त्वाची. गोष्ट १९७३ च्या राजाविरोधी आंदोलनापासून सुरू होते. विलीनीकरणाची मागणी त्याहून जुनी आहे. सिक्कीम स्टेट काँग्रेस १९४७ च्या अखेरीस स्थापन झाली तेव्हाच तिने जमीनदारी रद्द करण्याबरोबर भारतात सामील होण्याची मागणी केली होती. १९४९ मध्ये तिचे नेते ताशी त्शेरिंग यांचं मंत्रिमंडळ अवघे २९ दिवस टिकलं. पुढे १९५० च्या करारात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण भारताकडे गेलं. एवढं सुरुवातीला दहा मिनिटांत सांगितलं, तर सगळं दिल्लीतच ठरलं असा समज होणार नाही, आणि सगळं जनतेनेच केलं असाही नाही. मी त्यांना तसं म्हटलं, त्यांनी मनापासून ऐकून घेतलं.

चढउतार बराच आहे, पायऱ्याही आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. पावसाळ्यात निसरडं होतं. शेवटचा टप्पा देवराळीची नामग्याल तिबेटविद्या संस्था, तिथे टॅक्सीने जातात. पायाभरणी १९५७ मध्ये दलाई लामांनी केली, उद्घाटन पुढच्या वर्षी नेहरूंनी. थांगका, म्हणजे कापडावरची बौद्ध चित्रं, आणि जुनी हस्तलिखितं बघायला आम्हाला वेळ कमी पडला, म्हणून तिथे निदान तासभर मिळेल असं आधीच ठरवून घ्या.